गाडी घेण्याआधी घरातली लेकरं मोजा

सोयाबीनचे पैसे हाती आले, उसाचे बिल खात्यावर जमा झाले, की आमच्या लातूर-औसा भागात दोन विषय निघतात. एक बोअर, दुसरा गाडी. बोअर कुठे घ्यावा हे विचारायला लोक माझ्याकडे येतात. गाडी कुठली घ्यावी हे मात्र कोणी विचारत नाही. मेव्हण्याने कुठली घेतली, शेजाऱ्याच्या दारात कुठली उभी आहे आणि पांढरा रंग मिळतो का, एवढ्यावर सौदा होतो. बियाणाची पिशवी फोडण्याआधी उगवणशक्ती तपासणारा माणूस सहा-आठ लाखांची वस्तू डोळे झाकून घेतो. म्हणून शेतकरी बंधू-भगिनींनो, आज कोणी न विचारताच चार गोष्टी सांगतो. ज्यांच्या घरात तीन-चार लहान लेकरं आहेत, त्यांनी तर जरूर वाचावे.

आधी चूक माझी

तुम्ही म्हणाल, शेतीचा माणूस गाडीत कशाला बोलतो? बरोबर आहे. पण हे शहाणपण मला पुस्तकातून आलेले नाही. मला तीन लेकरं. थोरली आठ वर्षांची, धाकटी दोघं जुळी, साडेतीन वर्षांची. गेल्या वर्षी सासुरवाडीहून मोटारसायकलवर येत होतो. एक जुळा टाकीवर, थोरली माझ्या पाठीशी, मागे बायको आणि तिच्या मांडीवर दुसरा. एका गाडीवर पाच जीव. टाकीवरच्याला वाऱ्याने झोप लागली. गावाच्या तोंडाशी गतिरोधक होता, अंधारात दिसला नाही. गाडी उडाली आणि पोराचे कपाळ हँडलवर आपटले. भुवईवर पाच टाके पडले.

टाके घालताना डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "साहेब, तुम्ही गावोगाव सुरक्षित फवारणीचे कार्यक्रम घेता ना?" मी मान खाली घातली. दुसऱ्याला तोंडाला रुमाल बांधा, हातमोजे घाला म्हणून सांगणारा मी, स्वतःचं पोर टाकीवर बसवून साठच्या वेगाने चाललो होतो. त्या दिवसापासून सहा-सात महिने मी गाड्या बघत फिरलो. कार्यालयातले लोक हसायचे, कारण माझ्या खिशात मोजायचा टेप असायचा. त्या फिरण्यातून जे कळले तेच आज मांडतो.

बत्तीस फूट विहीर

"लेकरू मांडीवर घेतलंय, मी घट्ट धरलंय" असे आपल्या आया-बहिणी सांगतात. धरणारीच्या मायेविषयी शंका नाही, पण गणित मायेला जुमानत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने चाललेली गाडी झाडाला धडकून जागीच थांबली, तर आत सुटे बसलेले लेकरू त्याच वेगाने पुढे जाते. तो मार ९.८ मीटर, म्हणजे बत्तीस फूट उंचीवरून पडल्याइतका असतो. तुमच्या शेतातली बत्तीस फूट खोल कोरडी विहीर डोळ्यांपुढे आणा. तिच्या काठावर लेकराला सुटं बसवाल का? मग गाडीत का बसवता?

आणि हे फक्त गरिबाच्या जुन्या गाडीत होते असे समजू नका. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावरच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. गाडी महागातली होती. पण ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. म्हणजे गाडी कितीही भारी घ्या, पट्टा नसेल तर ती नुसता पत्रा आहे.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार १४ वर्षांखालचे मूल पट्टा किंवा लहान मुलांची खास सीट न वापरता गाडीतून नेले तर १,००० रुपये दंड आहे. पण दंडाचे सोडा. आपण पोलिसाला भिऊन पट्टा लावतो आणि चौक ओलांडला की काढतो. विहीर मात्र पुढच्या वळणावरही तेवढीच खोल असते.

माणसं मोजा, मग पट्टे मोजा

गाडी बघायला जाण्याआधी घरात बसून एका कागदावर लिहा. रोज किंवा आठवड्यातून एकदा गाडीत बसणारी माणसे किती? नवरा-बायको, आई-वडील, लेकरं. भावाची लेकरं तुमच्याबरोबरच शाळेत जात असतील तर तीही धरा. पाहुणे धरू नका. वर्षातून दोनदा येणाऱ्या पाहुण्यासाठी मोठी गाडी घेणे म्हणजे एका लग्नासाठी मंगल कार्यालय विकत घेणे.

आता हा कागद घेऊन गाडीकडे जा आणि सीट नव्हे, पट्टे मोजा. विक्रेता सांगेल, "मागे आरामात चार लेकरं बसतात." बसतील, पण पट्टे तीनच असतील तर चौथे लेकरू सुटे आहे. जुन्या गाड्यांत मागच्या मधल्या जागेला नुसता कमरेचा पट्टा असतो, कधी तोही नसतो. प्रत्येक पट्टा ओढून बघा, लावून बघा, सुटतो का बघा.

मोठ्या माणसाचा पट्टा लहान लेकराला बसत नाही, तो गळ्यावर येतो. म्हणून लहानांना वेगळी सीट लागते. तान्ह्या लेकराची सीट गाडीच्या तोंडाकडे पाठ करून बसवतात, कारण त्याचे डोके जड आणि मान कोवळी असते. अशी उलटी सीट एअरबॅग असलेल्या पुढच्या जागेवर कधीच ठेवायची नाही. एअरबॅग फुगली तर तिचा तडाखा सीटसकट लेकरालाच बसतो. तीन-चार वर्षांच्या लेकराची सीट सरळ असते, त्यापुढच्या मुलांना नुसते उंच करणारे बैठे आसन पुरते. ते साधारण साडेचार फूट उंची होईपर्यंत वापरावे.

इथेच माझा टेप कामाला आला. लहान गाडीच्या मागच्या बाकावर अशा तीन सीट शेजारी शेजारी बसतच नाहीत. ही सीट अडकवायची लोखंडी कडी, जिला आयसोफिक्स म्हणतात, ती साधारणपणे मागच्या दोन कडेच्या जागांनाच असते. तिसरी सीट पट्ट्याने बांधावी लागते. म्हणून सीट आधी घ्या किंवा कोणाची तरी मागून घ्या, आणि ती प्रत्यक्ष गाडीत बसवून बघा. कोणी हसले तर हसू द्या.

आणखी एक. गाडी बघायला जाताना घरच्या मालकिणीला बरोबर न्या. आपण पुढे बसून स्टेअरिंग फिरवून बघतो. मागे तीन लेकरांना सांभाळत, एकाला पाणी देत, एकाची ओकारी पुसत दोन तास बसणार ती आहे. तिला मागच्या ओळीत अर्धा तास बसवा. तिचे मत हेच खरे मत.

कुठली गाडी कोणाच्या कामाची

१) पाच सीटची लहान गाडी : एक किंवा दोन लेकरं असतील आणि म्हातारी माणसे बरोबर नसतील तर ही पुरे. तेल कमी पिते, दुरुस्ती तालुक्याला होते. तीन लेकरांना टेप लावल्याशिवाय घेऊ नये.

२) व्हॅन : मारुतीची ओम्नी १९८४ साली आली आणि २०१९ साली बंद झाली. आता जी विकायला येते ती जुनीच. इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे बसणाऱ्याच्या गुडघ्यापुढे नाक असे नाहीच. स्वस्त पडते म्हणून लेकरांसाठी ती शोधत फिरू नका. २०१० साली आलेली इको ही तिच्यानंतरची. सरकते दार लेकरांना सोयीचे, जागा भरपूर. पण वर्षावर्षाच्या गाडीत फरक आहे. ज्या वर्षाची घ्याल तिचे पट्टे आणि एअरबॅग मोजूनच घ्या. पुढच्या दोन्ही सीटला एअरबॅग सगळ्या नव्या गाड्यांत सक्तीची झाली ती २०२२ पासून, हे लक्षात असू द्या.

३) जीपसारखी उंच गाडी : सुमो १९९४ पासून २०१९ पर्यंत चालली. बोलेरो २००० पासून आहे. पाणंद रस्ता, चिखल, नाला, सगळे पार करते, म्हणून आपला जीव तिच्यावर. पण मागच्या आडव्या सीट बघा. लेकरं समोरासमोर तोंड करून, कडेला पाठ करून बसतात. तिथे लहान मुलांची सीट बसत नाही, आणि पुष्कळ गाड्यांत पट्टाही नसतो. पण आपल्याकडे मोठी माणसे पुढे तोंड करून बसतात आणि लेकरं मागे आडवी टाकतात. हे उलटे झाले. अशी गाडी घ्यायचीच तर लेकरं मधल्या ओळीत, मागे सामान.

४) तीन ओळींची सात सीटची गाडी : एर्टिगा २०१२ साली आली, चार मीटरच्या आत बसणारी ट्रायबर २०१९ साली. तीन-चार लेकरं आणि आजी-आजोबा असतील तर हा प्रकार खरा कामाचा. पण दोन गोष्टी बघा. पहिली म्हणजे, मधल्या ओळीत लेकराची सीट बांधली की ती ओळ वाकत नाही, मग मागच्या ओळीत जायचे कसे? दुसरी, तिन्ही ओळी वापरल्या की डिकी उरतच नाही. ट्रायबरमध्ये ती ८४ लिटर उरते, म्हणजे दोन दप्तरे आणि एक डबा. शिवाय लिटरभर इंजिनाची गाडी सात माणसे घेऊन घाटात दमते. ओव्हरटेक करताना हे ध्यानात ठेवायचे.

कुठलीही नवी गाडी घेताना भारत एनकॅपचे तारे विचारा. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशात ही चाचणी सुरू झाली. तिच्यात मोठ्या माणसांचे तारे वेगळे आणि लेकरांचे वेगळे देतात. विक्रेता मोठ्यांचे दाखवेल, तुम्ही लेकरांचे विचारा. चाचणी सक्तीची नाही, म्हणून सगळ्या गाड्यांना तारे सापडणार नाहीत. मी एका दुकानात हा प्रश्न विचारला, तर विक्रेत्याने मला छतातली काच उघडून दाखवली. "लेकरं यातून बाहेर बघतात साहेब, खूश होतात." मी म्हटलं, बाबा रे, उसाच्या ट्रॉलीमागून जाताना माझं लेकरू डोकं बाहेर काढून उभं राहणार असेल, तर ती काच तुलाच लखलाभ.

शेताची गाडी वेगळी, लेकरांची वेगळी

आपल्याला एकाच वस्तूत सगळे हवे असते. सकाळी त्याच गाडीत खताची पोती, दुपारी फवारणीचा पंप आणि संध्याकाळी लेकरं. हे मात्र मी माझ्या नोकरीच्या अधिकाराने सांगतो, असे करू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किती घरे उघडी पडली हे आपण विसरलेलो नाही. बंद काचेच्या गाडीत औषधाचा डबा पाझरला तर ते सीटच्या कापडात मुरते. त्याच सीटवर लेकरू गाल टेकून झोपते, बोट तोंडात घालते. ज्या गाडीत औषध, त्या गाडीत लेकरू नको. औषध मोटारसायकलच्या कॅरिअरला बांधून आणा, नाही तर ट्रॅक्टरवर.

डिकीतले पोतेही बांधलेले हवे. पन्नास किलोचे पोते ब्रेकसरशी मागची सीट ढकलत पुढे येते, आणि त्या सीटवर लेकरं असतात. ट्रॅक्टरची ट्रॉली आणि पिकअपचा हौदा हे तर माल वाहायचेच. जत्रा असो की वऱ्हाड, लेकरांना त्यात बसवू नका.

हिशेब सोयाबीनमध्ये करा

गाडीची किंमत म्हणजे दुकानातला आकडा नव्हे. समजा गाडी ६ लाखांची आहे. दीड लाख रोख भरले, साडेचार लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी दहा टक्क्यांनी काढले. महिन्याचा हप्ता साधारण ९,५६० रुपये येतो, वर्षाचे झाले एक लाख चौदा हजार सातशे. विमा, सर्व्हिसिंग, टायर यांचे वर्षाला तीस हजार धरा. तेल न टाकता एक लाख पंचेचाळीस हजारांच्या घरात गेलो. २०२५-२६ च्या हंगामाचा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये होता. त्या भावाने हे सत्तावीस क्विंटल सोयाबीन झाले. आणि बाजारात हमीभाव किती जणांच्या पदरात पडतो, हे तुम्ही मला सांगायला नको.

शिवाय हप्ता महिन्याला येतो, आपले पैसे वर्षातून दोनदा येतात. म्हणून कर्ज काढताना सहामाही हप्ता मिळतो का विचारा. पीककर्जाचे पैसे गाडीच्या डाउन पेमेंटला कधीच लावू नका. पीककर्ज वेळेत फिटले तर व्याजाची सवलत मिळते. ते थकले की सवलतही गेली आणि पुढचे कर्जही अडले.

आमच्या भागातल्या एका शेतकऱ्याने मोठी उंच गाडी घेतली. हप्त्यासाठी दुभती म्हैस विकली. आता तेल परवडत नाही म्हणून गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे आणि त्यांची चार लेकरं बारा जणांच्या टमटममध्ये लोंबकळत शाळेला जातात. गाडी घेतली लेकरांसाठी, आणि लेकरांच्या वाट्याला ना गाडी आली ना दूध.

२२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, पेट्रोलच्या १२०० आणि डिझेलच्या १५०० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. हा फायदा जरूर घ्या, पण वाचलेल्या पैशातून चकचकीत चाके घेऊ नका. लेकरांच्या सीट घ्या.

आणि महिन्यातून दोन-तीनदाच जायचे असेल, तर गाडी घेऊच नका. एसटीत पाच वर्षांखालच्या लेकराला तिकीट नाही, पाच ते बाराला अर्धे, आणि मार्च २०२३ पासून बाईमाणसालाही अर्धे. माय आणि तीन लेकरं मिळून दीड-दोन तिकिटांत लातूरला जाऊन येतात. रात्री-बेरात्री दवाखान्यात जायला गावातली भाड्याची गाडी ठरवून ठेवा. त्यात कमीपणा नाही.

जुनी घेताना

मी शेवटी जुनी सात सीटची घेतली. आपल्यातले बहुतेक जण जुनीच घेणार. तेव्हा इतके बघा. आरसी बुकावर बँकेचा बोजा आहे का, असेल तर उतरवून घ्या. पैसे दिल्यावर गाडी लगेच नावावर करा, विमाही नावावर करा. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. लागतच नसेल किंवा विझत नसेल तर सौदा सोडा. पट्टा शेवटपर्यंत ओढून बघा. टोकाला गाळाचा डाग असेल तर ती गाडी पाण्यात बुडालेली आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये आपल्या मराठवाड्यात गाड्या पाण्यात गेल्या. त्या धुऊन-पुसून बाजारात येतात. स्वस्त मिळाली म्हणून नाचू नका.

मोटारसायकलच असेल तर

खरे सांगायचे तर आपल्यातल्या पुष्कळांची पाच वर्षे तरी मोटारसायकलवरच जाणार आहेत. त्यांना उपदेश करून मी मोकळा होणार नाही. कायद्याने चालकामागे एकच माणूस. चार वर्षांवरच्या लेकराला हेल्मेट हवे. नऊ महिने ते चार वर्षांच्या लेकराला चालकाशी बांधायचा पट्टा आणि त्याच्या मापाचे हेल्मेट हवे, आणि वेग ४० च्या आत, हा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. टाकीवर लेकरू बसवू नका. माझ्या पोराची भुवई बघायला केव्हाही या. सगळ्यांना एकदम नेण्यापेक्षा दोन खेपा करा. बायको-लेकरांना एसटीत बसवा आणि तुम्ही मोटारसायकलवर पुढे जा. अर्धा तास जास्त जाईल, तो जाऊ द्या.

एक शेवटची सूचना. आपल्याकडे पाळणा कोणी दरवेळी नवा घेत नाही. थोरल्या जावेचा धाकटीकडे, मावशीचा भाचीकडे, असा तो घराघरांतून फिरतो. लेकराची गाडीतली सीटही तशीच फिरवता येईल. फक्त ती अपघातात सापडलेली नसावी, पट्टे विरलेले नसावेत आणि तिच्यावर छापलेली मुदत संपलेली नसावी. आमच्या जुळ्यांच्या तान्हेपणीच्या मापाच्या दोन सीट, पाहुण्यांकडून आलेल्या, माझ्याकडे पडून आहेत. गरजूंनी कार्यालयात येऊन न्याव्यात, लेकरू मोठे झाले की परत आणाव्यात.

बाकी रंग तुमच्या आवडीचा घ्या, गाडी तुमच्या ऐपतीची घ्या. पण घरातली लेकरं आणि गाडीतले पट्टे यांचा मेळ बसल्याशिवाय टोकनचे पैसे खिशातून काढू नका.